तेरेंगानूला पहिल्यांदा जाताय? आधी कॅलेंडर बघा, मग तिकीट

मलेशिया म्हटलं की आपल्याकडे क्वालालंपूरचे दोन टॉवर, गेंटिंग, बाटू केव्ह्ज आणि फार तर लंकावी, बस. आमचंही तेच ठरलेलं. पण नवऱ्याच्या ऑफिसातला एक मलय सहकारी म्हणाला की समुद्र आणि खरं मलय जगणं बघायचं असेल तर पूर्व किनाऱ्यावरच्या तेरेंगानू राज्यात जा. मी रत्नागिरीची, त्यामुळे समुद्राचं मला कोणी काय सांगणार असा थोडा माज होताच, तो तिथे जाऊन उतरला.

आम्ही चौघं गेलो होतो, मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि तेरेंगानूत सकाळच्या भातातसुद्धा मासा. तेव्हा काय काय गोंधळ झाले असतील त्याचा अंदाज येईल तुम्हाला. तुमचे होऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय.

१) सगळ्यात आधी: दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका

आपल्या डोक्यात पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर. तिकडे बरोब्बर उलटं आहे. पूर्व किनाऱ्यावर ईशान्य मान्सून येतो, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि तेव्हा समुद्र असा खवळतो की पर्हेंतियान, रेडांग वगैरे बेटांवरची बहुतेक रिसॉर्ट कुलूप लावून बंद होतात, बोटी थांबतात. आणि मराठी माणूस परदेशी जातो कधी, तर दिवाळीत नाहीतर नाताळात. नेमका तेव्हाच. ऑनलाइन हॉटेल एकदम स्वस्त दिसतंय म्हणून खूश होऊन बुक करू नका, ते स्वस्त का आहे ते आधी विचारा.

आपल्यासाठी चांगला काळ म्हणजे मे महिन्याची सुट्टी. मार्च ते सप्टेंबर समुद्र शांत असतो, आपल्याकडे कोकणातल्या बोटी बंद होतात तेव्हा तिकडे सीझन चालू असतो. एप्रिल-मे मध्ये ऊन भयंकर, पण ते आपल्याला नवीन नाही.

कॅलेंडरच्या अजून दोन गोष्टी. एक, तेरेंगानूत वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो. रविवारी सगळं चालू आणि शुक्रवारी सरकारी ऑफिसं, बँका बंद, दुपारच्या नमाजाच्या वेळेला तर दुकानं आणि हॉटेलंही शटर ओढतात. आम्ही शुक्रवारी दुपारी एक वाजता भुकेले होऊन शहरात उतरलो आणि अर्धा पाऊण तास नुसते बंद दरवाजे बघत फिरलो. दोन, रमजान. त्या महिन्यात दिवसा खायला मिळणं अवघड होतं आणि रस्त्यावर सगळ्यांसमोर खाणं बरंही दिसत नाही. संध्याकाळी मात्र रमजान बाजार भरतात ते बघण्यासारखे असतात. तरी पहिली खेप असेल, सोबत लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील, तर रमजान टाळा. ईदच्या पुढेमागे बस आणि विमानाची तिकिटंही मिळत नाहीत, अख्खा देश गावी निघालेला असतो, आपल्याकडे गणपतीत कोकण रेल्वेचं होतं तसं.

२) कागदपत्रं

- पासपोर्ट, किमान सहा महिने शिल्लक असलेला
- व्हिसा: भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत वाढवून ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केलीय. तिकीट काढताना एकदा परत तपासा
- मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, लहान मुलांचंही वेगळं
- परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंगची प्रिंट. मोबाइलवर आहे म्हणू नका, बॅटरी तिथेच संपते
- गाडी चालवणार असाल तर आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल परमिट आणि सोबत आपलं मूळ लायसन्स

यात सापळा अरायव्हल कार्डाचा आहे. ते फुकट आहे. पण सर्च केलं की वरच्या वर अशा साइट दिसतात ज्या हुबेहूब सरकारी वाटतात आणि कार्ड भरून द्यायचे पैसे घेतात. माझ्या ओळखीतल्या एकीने चौघांचे मिळून चांगले चार आकडी रुपये घालवले. पत्ता इमिग्रेशन खात्याचाच आहे ना ते नीट वाचा, आणि पैसे मागितले की ती खिडकी बंद करा.

इमिग्रेशनला घाबरायचं काही नाही, पण कुठे राहणार, किती दिवस, परत कधी, हे विचारतात आणि "बघू, ठरवलं नाही अजून" हे उत्तर त्यांना अजिबात आवडत नाही.

३) क्वालालंपूरहून कसं जायचं

मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तास. तिथून कुआला तेरेंगानू हे राज्याचं मुख्य शहर, विमानाने तासाभराच्या आत. आम्ही गेलो तेव्हा तरी त्या राज्यात रेल्वे नव्हती, म्हणजे विमान किंवा बस किंवा गाडी.

विमानाचं बघताना एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा, ते कुठून सुटतंय. आपण उतरतो त्या मोठ्या विमानतळाला दोन टर्मिनल आहेत आणि ती चालत जाण्याइतकी जवळ नाहीत, मध्ये ट्रेन घ्यावी लागते. शिवाय सुबांग नावाचा एक वेगळाच विमानतळ आहे शहराच्या दुसऱ्या बाजूला, तिथूनही छोटी पंख्यावाली विमानं सुटतात. कनेक्शनला दोन तास ठेवलेत आणि पुढचं विमान सुबांगहून निघालं तर ते गेलंच समजा.

बस टीबीएस नावाच्या मोठ्या टर्मिनलवरून सुटतात, सहा-सात तास लागतात, सीट ऐसपैस असतात. पण एसी इतका गार की सासूबाईंनी शालीवर चादर आणि चादरीवर माझी ओढणी घेतली. रात्रीची बस पहाटे चार-साडेचारला नेऊन सोडते, तेव्हा हॉटेलवाल्याला आधी सांगून ठेवा. आणि तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, पण उजाडतं सात वाजताच, त्यामुळे पहाट फार लांबते.

गाडी भाड्याने घेतलीत तर उत्तमच. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, रस्ते मस्त आहेत, हॉर्न कोणी वाजवत नाही, पहिले दोन दिवस कानाला चुकल्यासारखं होतं. शहरात फिरायला ग्रॅब, म्हणजे आपल्या ओला-उबरसारखं टॅक्सीचं ॲप, चालतं.

४) मेरांग आणि मारांग: हे वाचल्याशिवाय बोट बुक करू नका

आमची सगळ्यात मोठी फजिती इथे झाली आणि चूक शंभर टक्के आमचीच होती.

रेडांग बेटाच्या बोटी मेरांग जेट्टीवरून सुटतात, ती शहराच्या उत्तरेला आहे. मारांग हे दुसरं गाव, शहराच्या दक्षिणेला, तिथेही जेट्टी आहे आणि तिथून कापास बेटाच्या बोटी सुटतात. नवऱ्याने ॲपमध्ये टाइप केलं मारांग. आम्ही गप्पा मारत, नारळाची झाडं बघत दक्षिणेला पोचलो, जेट्टीवरच्या काकांना तिकीट दाखवलं, त्यांनी ते वाचलं, आमच्याकडे बघितलं आणि इतकं गोड हसले की मला तिथेच कळलं काहीतरी भयंकर झालंय. बोट गेली. परत सगळं अंतर उलटं कापून, नवीन तिकीट काढून दुपारी पोचलो. सासूबाई दिवसभर एवढंच म्हणत होत्या, "एका कान्याचा फरक रे." मात्रा की काना यावर रात्री अजून एक वाद झाला.

तर हे पाठ करा:

- पर्हेंतियान: कुआला बेसूत जेट्टी, राज्याच्या अगदी उत्तर टोकाला. स्पीडबोटने अर्धा ते पाऊण तास
- रेडांग: मेरांगहून स्पीडबोट, नाहीतर कुआला तेरेंगानू शहरातल्या शाहबंदर जेट्टीवरून फेरी, तिला दीड तासाच्या आसपास
- लांग तेंगाह: मेरांग
- कापास: मारांग, जेमतेम पंधरा मिनिटं

पहिल्यांदाच जाताय, वेळ कमी, पोहता येत नाही, तर कापास करा. कोणी फार सांगत नाही त्याबद्दल, पण लहान मुलांना घेऊन अर्ध्या दिवसात होतं. स्नॉर्कलिंगसाठीच जायचंय तर रेडांग किंवा पर्हेंतियान. रेडांगला पॅकेज असतं, राहणं-खाणं-बोट सगळं एकत्र. पर्हेंतियानला सुटं सुटं करता येतं, तरुण मंडळी तिकडे जास्त.

स्पीडबोटचा धसका घ्या थोडा. ती लाटेवरून आपटत जाते, पाठीचा त्रास असेल तर पुढे बसू नका, मागे बसा. उलटीची गोळी अर्धा तास आधी. मोबाइल, पासपोर्ट प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत.

पैसे रोख न्या. पर्हेंतियानला एटीएम नाही. बेटांवर मरीन पार्कची फी असते, आम्ही मोठ्यांचे प्रत्येकी ३० रिंगिट (तिकडचं चलन) दिले. हॉटेलात परदेशी माणसांना खोलीमागे रात्रीचे १० रिंगिट टुरिझम टॅक्स वेगळा द्यावा लागतो, बुकिंगच्या रकमेत तो बहुतेक वेळा नसतो, फसवताहेत असं समजून काउंटरवर भांडू नका. मी भांडले.

५) पाण्यात उतरल्यावर

प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड नसतो, जिवंत असतो. दम लागला तर लाइफ जॅकेटवर पाठीवर तरंगा. अंगभर स्विमिंगचे कपडे घाला, ऊनही लागत नाही आणि ओशाळल्यासारखंही होत नाही, कारण तिकडच्या बायका स्वतः अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरतात. आमच्या सासूबाई पंजाबी ड्रेसमध्ये उतरल्या, कोणी ढुंकून बघितलं नाही.

टायटन ट्रिगरफिश म्हणून एक मोठा मासा असतो, एरवी शहाणा, पण अंडी घातलेली असली की अंगावर येतो आणि चावतो. तो आपली हद्द घरट्यापासून वरपर्यंत समजतो, त्यामुळे वर पळून उपयोग नाही, आडवं पोहत लांब जायचं. हे आम्हाला गाइडने बोटीत सांगितलं, आणि मग चिरंजीव पाण्यात उतरायलाच तयार होईनात. मुलांना ही माहिती देण्यापूर्वी विचार करा.

६) कासवं

वेळासला कासव महोत्सवाला गेला असाल तर हा भाग तुम्हाला जवळचा वाटेल. तेरेंगानूचा किनारा एकेकाळी लेदरबॅक कासवांसाठी जगभर माहीत होता, रांताउ आबांग नावाच्या किनाऱ्यावर १९५० च्या दशकात हजारोंनी घरटी व्हायची. अंडी काढून विकणं, मासेमारीच्या जाळ्यात अडकणं, असं सगळं होत होत ती कासवं तिथून जवळपास नाहीशीच झाली. त्यामुळे जुनी ट्रॅव्हल पुस्तकं वाचून रांताउ आबांगला लेदरबॅक बघायला जाऊ नका.

हिरवी कासवं मात्र अजून येतात, मे ते ऑगस्ट चांगला काळ. रेडांगवर चागार हुतांग नावाचा राखीव किनारा आहे, तिथे मलेशिया तेरेंगानू विद्यापीठाची मंडळी काम करतात. पर्यटक म्हणून सहज जाता येत नाही, पण स्वयंसेवकांसाठी आठवडाभराचा कार्यक्रम असतो, कॉलेजची मुलं असतील घरात तर त्यांना सांगा. बाकी कुठेही कासव दिसलं तर फ्लॅश नाही, टॉर्च नाही, समोर जायचं नाही. आणि कासवाची अंडी कोणी विकायला आणली तर घेऊ नका, २०२२ पासून तेरेंगानूत सगळ्याच कासवांच्या अंड्यांच्या विक्रीवर बंदी आहे.

७) खाणं, आणि शाकाहारी माणसाचं काय करायचं

नासी दागांग हा सकाळचा नाश्ता. भात नारळाच्या दुधात शिजवलेला, त्यात चक्क मेथीचे दाणे, आणि सोबत टुना माशाची आमटी. पहिल्या घासाला मला आजीच्या हातची मेथी घातलेली बांगड्याची आमटी आठवली, शपथेवर सांगते. पण हे सकाळीच, दहानंतर गेलात तर रिकामी भांडी बघायला मिळतात.

करोपोक लेकोर म्हणजे मासा आणि साबुदाण्याचं पीठ मळून केलेल्या लांब वळकट्या, उकडून किंवा तळून. शहरातला लोसोंग भाग त्यासाठी प्रसिद्ध. त्याच पिठाच्या चकत्या उन्हात वाळत घातलेल्या दिसतात, अगदी आपल्या अंगणातलं वाळवण. सातार म्हणजे माशाचं सारण केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेलं. नासी केराबूचा भात निळा असतो, रंग गोकर्णीच्या फुलांचा.

आता शाकाहारी. "व्हेजिटेरियन" हा शब्द कळतो, पण मांस नाही एवढाच अर्थ घेतला जातो, माशाचा रस, सुकट, कोळंबीची पेस्ट चालते असं त्यांना प्रामाणिकपणे वाटतं. लाल चटणीत, पालेभाजीत, सगळीकडे बलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. म्हणून नुसतं व्हेज म्हणू नका, एकेक नाव घेऊन सांगा: "ताक माहू इकान, उदांग, दागिंग, बलाचान", म्हणजे मासा, कोळंबी, मांस आणि ती पेस्ट नको. रोटी चनाय, म्हणजे तिकडचा पापुद्र्यांचा पराठा, आणि डाळ हा हुकमी आधार, पण डाळीवर माशाची करी ओतून देतात, म्हणून "डाल साजा", नुसती डाळ. चायना टाउनमध्ये, म्हणजे काम्पुंग चीनाला, चिनी पद्धतीच्या भाज्या मिळतात. तरी थेपले, मेतकूट, लोणचं न्याच. सासूबाईंनी सात दिवसांत सात वेळा मेतकूट-भात खाल्ला आणि तक्रार केली नाही, उलट नासी म्हणजे भात हा शब्द पहिल्या दिवशी शिकल्या.

चहा फार गोड असतो. "कुरांग मानिस" म्हणा, कमी गोड.

८) भाषा: तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त येते

इंग्रजी शहरात चालतं, गावात कमी. पण मलय भाषेत संस्कृतातून गेलेले शब्द इतके आहेत की मजा येते. बाहासा म्हणजे भाषा. नामा, रासा, गुरू, राजा तसेच. पुआसा म्हणजे उपवास. कपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ. आणि सुआमी म्हणजे नवरा, स्वामीवरून, हे नवऱ्याला सांगू नका.

पाटीवर लिहिलेली मलय आणि तेरेंगानूची बोली यात फरक आहे. शेवटचा न तिकडे ङ् होतो, माकान म्हणजे खाणं ते माकांग, इकान ते इकांग. ॲपमधून शिकून गेलात तर पहिल्या दिवशी गोंधळाल, मग कान सरावतो.

९) शहरात दोन दिवस द्या

बेटं करून लोक पळतात. चूक आहे ती.

राज्याचं संग्रहालय लोसोंगला आहे, प्रचंड मोठं, सकाळीच जा. तिथला तेरेंगानूचा शिलालेख बघा, १३०३ सालचा, मलय भाषा अरबी वळणाच्या जावी लिपीत लिहिल्याचा सगळ्यात जुना मोठा पुरावा मानतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. त्यावर इस्लामी कायदा कोरलाय आणि अल्लाहसाठी शब्द वापरलाय "देवाता मुलिया राया". देवता! इस्लाम आला तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडी अजून कुठले शब्द होते ते एका ओळीत दिसतं. मी त्या दगडासमोर बराच वेळ उभी होते, मुलगा ओढत होता.

दुयोंग बेटावर लाकडी बोटी बांधतात. कागदावर नकाशा नाही, आधी फळ्यांचं कवच उभं करतात आणि मग आतल्या फासळ्या बसवतात, आपण ऐकलेलं असतं त्याच्या उलट. लाकूड चेंगाल, फळ्यांच्या सांध्यात गेलाम झाडाची साल. कारागीर आता थोडेच उरलेत, त्यामुळे काम चालू दिसेलच असं नाही, हॉटेलात विचारून जा. फोटो काढण्यापूर्वी विचारा.

पासार पायांग बाजारात बाटिक आणि सोंगकेत. बाटिक घेताना कापड उलटं करा. मेण लावून हाताने केलेल्या कापडावर रंग मागेही उतरलेला असतो, छापील स्वस्त माल मागून फिका असतो. सोंगकेत म्हणजे जरीने विणलेलं कापड, २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत आलं. इथे आपली पैठणीची पारख लावू नका. पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी असते म्हणून आपण मागून बघतो, सोंगकेतला मागे सोनेरी धागे सुटे लोंबलेले असतात आणि ते तसेच असायचे. मी "खराब आहे" म्हणून एक तुकडा परत ठेवला, विक्रेत्या मावशींनी शांतपणे समजावून सांगितलं आणि मग भाव एक रिंगिटही कमी केला नाही. बरोबरच आहे.

कपडे साधे, खांदे-गुडघे झाकलेले. क्रिस्टल मशिदीत बायकांनी डोकं झाकायचं. परक्या बाईने किंवा पुरुषाने हात पुढे केला नाही तर आपणही करू नका, छातीवर हात ठेवून मान झुकवली की झालं. बोटाने दाखवायचं नाही, अंगठ्याने दाखवतात.

१०) एक दिवस जास्तीचा असेल तर: कन्यीर

कन्यीर हे धरणाचं पाणी, १९८५ मध्ये धरण पूर्ण झालं आणि डोंगर बुडून त्यांचे माथे बेटं होऊन वर राहिले, अशी ३४० बेटं सांगतात. कोयनेचा शिवसागर बघितलेल्यांना चित्र लगेच समजेल, फक्त भोवती पावसाळी जंगल आहे आणि धबधबे बोटीने जाऊन बघायचे. गावी नावाच्या जेट्टीवरून बोट मिळते, पण पूर्ण बोटीचं भाडं असतं, म्हणून दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून घ्या. सरकारी बस वगैरेच्या भरवशावर जाऊ नका, गाडी हवीच. दुपारनंतर पाऊस येतो, सकाळी लवकर निघा.

११) परत येताना बॅगेत काय

वाळलेले करोपोक कच्चे घ्या, घरी तळा, पापडासारखे फुलतात. आणि बुडू, आंबवलेल्या माशाचा सॉस, मासे खाणाऱ्यांनी एक छोटी बाटली आणावीच, पण चेक-इन बॅगेत, झाकणाला टेप, मग तीन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि कपड्यांपासून लांब. आम्ही एकच पिशवी वापरली होती. सासूबाईंची बॅग आणि ती बाटली एकाच ठिकाणी होती.